दाखल-खारीज

(पडद्यावर : जाड पुठ्ठ्याची जुनी नोंदवही. पानाच्या खालच्या कडेला तपकिरी डाग. एक बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकतं.)

हे आमच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. प्रत्येक शाळेत असतं. मूल शाळेत आलं की डावीकडचे रकाने भरतात. रजिस्टर क्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, वर्ग. उजवीकडचे रकाने मात्र कोरेच ठेवायचे असतात. मूल शाळा सोडून जातं तेव्हा ते भरतात. सोडल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक आणि शेवटी एक लहानसा रकाना : शाळा सोडण्याचं कारण.

ही पानं जून २०१९ ची. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. उरलेल्या महाराष्ट्रात पोरं केव्हाच वर्गात बसलेली असतात, पण नागपुरात तोवर ऊन उतरलेलं नसतं. त्या आठवड्यात आमच्या पाचवीत ४१ मुलं दाखल झाली. मी त्यांची वर्गशिक्षिका होते आणि मराठी शिकवत होते. पाच वर्षांनी ती दहावीत गेली, तेव्हा वर्ग पुन्हा माझ्याकडेच आला.

हा माहितीपट त्यांचा आहे. कॅमेरा म्हणजे रोल नंबर सव्वीसच्या दादाचा फोन. काय घ्यायचं, काय काढायचं, हे त्यांनीच भांडून ठरवलं. आवाज तेवढा माझा. "मॅडम, तुम्हीच बोला नं. आमच्यातला कोणी बोलला की बाकीचे हसून राहिले," असं पोरी म्हणाल्या. म्हणून बोलते आहे. नावं घेणार नाही, रोल नंबर सांगेन. आमच्या वर्गात रोल नंबर नावासारखाच चालतो. वाढदिवसाच्या केकवरसुद्धा या पोट्ट्यांनी नंबर लिहून आणलेला मी पाहिला आहे.

(दृश्य : रिकामा वर्ग. बाकांवर कोरलेली अक्षरं. खिडकीबाहेर कडुलिंब.)

एकेकाळी या शाळेत प्रत्येक वर्गाच्या चार तुकड्या होत्या. अ, ब, क, ड. वरच्या मजल्यावरच्या काही दारांवर ती अक्षरं अजून दिसतात. आता मराठी माध्यमाची एकच तुकडी भरते, तीही आम्ही शिक्षक एप्रिल-मे महिन्यांत उन्हात घरोघरी फिरलो तर. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. या मुलांना शेजारचा वर्ग नव्हता. क्रिकेटची मॅच लावायची तर समोर दुसरी तुकडी नव्हती, म्हणून ते आपसातच दोन संघ पाडायचे. 'खिडकीवाले' आणि 'दरवाजावाले'. सहा वर्षं हेच संघ राहिले. भांडणं तीच, समेटही तेच.

पाचवीचं वर्ष पूर्ण झालंच नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. शेवटच्या दिवशी मी फळ्यावर समानार्थी शब्द लिहिले होते. पाणी : जल, नीर, उदक. 'उद्या उरलेले लिहू' म्हणून घंटा झाल्यावर पुसले नाहीत. बऱ्याच महिन्यांनी वर्ग उघडला तेव्हा ते तसेच होते. खडू फळ्यात मुरला होता, ओल्या फडक्यानेही निघेना.

त्या काळात मी रोज सकाळी दहा वाजता ग्रुपवर 'हजेरी' असा एकच शब्द टाकायची. ज्याच्याकडे फोन असेल त्याने आपला रोल नंबर लिहायचा. पहिल्या दिवशी ४१ पैकी अकरा नंबर आले. पोरं टाळत नव्हती. घरात फोन एकच, आणि तो वडिलांसोबत कामावर जायचा. मग हजेरी रात्री नऊला नेली. अठरा झाले. त्यापुढे आकडा हलेना.

एका रात्री रोल नंबर नऊकडून मेसेज आला : "९, १२, १३, ३०, ३३ हजर." मला वाटलं, मस्ती करून राहिला. फोन केला. तर हा पोरगा संध्याकाळी आईचा फोन घेऊन वस्तीत चार घरं फिरायचा. दारात उभा राहून मी पाठवलेला धडा मोठ्याने वाचून दाखवायचा, वहीत गृहपाठ लिहून घ्यायचा आणि मग सगळ्यांची हजेरी लावायचा. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "काऊन रे, इतकं चालतोस?" तर म्हणाला, "मॅडम, त्यांची गैरहजेरी लागली असती नं."

त्याचं पाहून बाकीच्या वस्त्यांमधूनही अशी जोडलेली नंबरं येऊ लागली. ४१ पूर्ण झाले असं मात्र एकाही रात्री झालं नाही. रोल नंबर तेहतीसचे वडील गवंडी. काम बंद पडलं तसं ते घर आवरून गोंदियाकडच्या आपल्या गावी निघून गेले. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी ठेकेदाराच्या फोनवर फोन करायच्या आणि 'तिला सांगा, नाव कापलं नाही' असा निरोप ठेवायच्या. सातवीत ती परत आली. दोन वर्षांत जे वाचायचं राहिलं होतं ते बाकी मुलींनी तिच्याकडून डब्याच्या सुट्टीत वाचून घेतलं. आम्ही शिक्षकांनी त्यात फारसं काही केलं नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे.

तिघांचे उजवे रकाने मधेच भरले. कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणी परगावी राहायला गेलं. दोन नवे आले. ४० झाले.

(दृश्य : मोबाइलवरचं जुनं, हलतं चित्रीकरण. व्हरांड्यातून मुलांची मिरवणूक. हातात कागदाचा बडग्या.)

हे आठवीतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन मोठे पुतळे. त्यांच्यासोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला त्याचे पुतळे. रोगराई, इडा पिडा सगळं 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायचं. शाळेला त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून आमच्या वर्गाने दोन दिवस उशिरा स्वतःचा बडग्या काढला. रद्दी, बांबूच्या काड्या, आणि पोटावर जुना, फुटलेला मोबाइल बांधलेला. ऑनलाइन वर्गाचा बडग्या! "नेटवर्क नाही, घेऊन जा गे मारबत! आवाज येत नाही, घेऊन जा गे मारबत! माइक बंद कर, घेऊन जा गे मारबत!" मुख्याध्यापक बाहेर आले. आम्हाला वाटलं आता ओरडतात. ते मिरवणुकीच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि त्यांनीही आरोळी दिली. जाळायची परवानगी मात्र दिली नाही. तो बडग्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर अजून आहे.

रमण विज्ञान केंद्राची भेट, रामटेकची सहल, गॅदरिंगमध्ये पडदा अंगावर पडला तो प्रसंग, हे सगळं पोरांनी चित्रित केलेलं आहे. त्यावर मी बोलायची गरज नाही. पडदा पडलेला तुम्हाला दिसेलच.

कमाईचं बोलते. आठवीत असताना आठ जण राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले आणि दोन मुली निवडल्या गेल्या. ज्यांचं घर जेमतेम चालतं आणि जे सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकतात, त्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती असते. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. त्या पैशांतून रोल नंबर सतराने पहिल्यांदा सायकल घेतली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी शाळेत येताना आईला कॅरिअरवर बसवून कामाच्या घरी सोडायची आणि मग शाळेत यायची. त्यामुळे तिला रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा. प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांना आमच्याकडे बाहेर थांबवतात. तिला कधी कुणी थांबवलं नाही.

रोल नंबर बावीसने इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळवली. त्याचे दहावीत ७ गुण वाढतात, आणि आमच्या पोरांना सात गुणांची किंमत ठाऊक आहे. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून ते काम जवळजवळ संपलं. पोराचा हात वडिलांवर गेला आहे. या चित्रफितीतली सगळी अक्षरं त्यानेच ब्रशने काढली आहेत. संगणकावरची एकही नाही.

(दृश्य : शाळेच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला चिखलाची रेघ. त्याखाली पेन्सिलीने तारीख.)

२३ सप्टेंबर २०२३. गणपतीचा पाचवा दिवस. आदल्या रात्री वाजला तो पाऊस साधा नव्हता. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी रस्त्यावर आली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी. मोरभवनच्या स्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. इतकी वर्षं आम्ही जिला नाला म्हणून हिणवत आलो, ती नदी आहे हे शहराला त्या पहाटे कळलं.

आमची शाळा नदीपासून दोन गल्ल्या आत. तळमजल्यावर कार्यालय आणि वाचनालय. सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं, गाळ राहिला होता. बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, लोखंडी कपाटासमोर उकिडवे बसलेले. खालच्या खणात दाखल-खारीजची रजिस्टरं होती. कपाट उघडलं तर आतून पाणीच आलं.

आता सगळ्या नोंदी ऑनलाइन असतात, पण जुन्या नोंदी याच कागदांवर आहेत. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला जातीच्या दाखल्यासाठी, पेन्शनीसाठी जन्मतारीख लागते, तेव्हा तो इथेच येतो. बडे बाबू काहीच बोलत नव्हते. नववीचा वर्ग तेव्हा गाळ उपसायला आला होता. त्यातल्या कुणीतरी विचारलं, "बडे बाबू, पानं वाळवायची का?"

पुढचे सहा दिवस मी जे पाहिलं ते कसं सांगू? वरच्या मजल्यावरचा 'क' तुकडीचा बंद वर्ग उघडला. बाक जोडले. आमच्या इथे सगळ्यांच्या घरी जुने पेपर असतात, पोरांनी ते पोत्याने आणले. ओलं पान ओढलं की फाटतं. मग रोल नंबर नऊने एक रीत काढली. दोन बोटांनी वरचा कोपरा उचलायचा, खालून पेपरची पट्टी सरकवायची, पान तिच्यावर हलकेच टेकवायचं. दाबायचं नाही. तासाभराने पट्टी बदलायची. दोघे पंखा धरायचे, म्हणजे वहीचे पुठ्ठे. शाई फुटू नये म्हणून कुणी पानावर बोलायचं नाही, असा नियम होता. ४० पोरांचा वर्ग आणि आवाज नाही! मी तिथे चहा घेऊन गेले तर मलाच बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

त्यात त्यांची स्वतःची पानं आली. जून २०१९. कुणीतरी वाचायला लागलं : हे तुझं, हे माझं, अरे तुझ्या आईचं नाव हे? एका ओळीवर शाई पसरली होती. ती रोल नंबर नऊची. नाव वाचता येत होतं, जन्मतारीख पुसट झाली होती. बाबूंनी आधारकार्ड मागवून मुख्याध्यापकांच्या सहीने ती पुन्हा लिहिली. पानांच्या कडेचा डाग गेला नाही. तो तुम्ही सुरुवातीला पाहिलात.

(दृश्य : संध्याकाळ. फुटाळा तलाव. गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्या.)

दहावीचं वर्ष सगळ्यांचं सारखंच असतं. ज्यादा तास, सराव परीक्षा, सकाळी साडेसातला बीजगणित. गेटबाहेर आलू पोंग्याची गाडी आणि 'मॅडम, फक्त पाच मिनिटं'. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर या वर्गाने दोन दिवस पाणी वाटलं. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्म स्वीकारला, तिथे गावोगावहून माणसं येतात, त्यांतली पुष्कळ पायी. एका आजींनी पाणी प्यायल्यावर पोरांना विचारलं, "कोणत्या वर्गात?" दहावीत म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून पेन काढून दिला. एकच पेन. तो सगळ्यांनी वर्गात ठेवला. सराव परीक्षेत ज्याचा पेन बंद पडेल त्याने तो घ्यायचा.

२१ फेब्रुवारी २०२५ ला पहिला पेपर, मराठीचा. १७ मार्चला शेवटचा, भूगोलाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी फुटाळ्यावर जायचं ठरलं होतं. पैसे जमा झाले होते. पण शेवटच्या पेपरच्याच रात्री शहरात दंगल उसळली आणि गणेशपेठ, कोतवाली, तहसील अशा बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. आमची दोन मुलं त्या बाजूला राहतात. मी टीव्हीसमोर बसले होते. रात्री अकराला फोन वाजला. ग्रुपवर रोल नंबर एकने एकच शब्द टाकला होता : 'हजेरी'.

पाच वर्षांनी तो शब्द मी ग्रुपवर पाहत होते. आणि खाली नंबर यायला लागले. ४, ७, १९, २, ३३. मी कागदावर खुणा करत गेले. अडतीसवर थांबलं. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग २८ आला. मग, पावणेबाराला, १४ : "हजर आहो. लाइट नव्हती." त्यानंतर मी झोपले.

दुसऱ्या दिवशी उरलेले जाऊ शकत होते. गेले नाहीत. संचारबंदी पूर्ण उठल्यावर, आठवड्याने, सगळे मिळून गेले. हे दृश्य तेव्हाचं. गुपचूप कुणी किती खाल्ले यावर अजून वाद आहे.

१३ मेला दुपारी एक वाजता निकाल लागला. राज्याचा ९४.१० टक्के. नागपूर विभागाचा ९०.७८, नऊ विभागांत सर्वांत कमी. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच छापून आलं, नागपूर तळाला. मी ते वाचून शाळेत गेले आणि बडे बाबूंच्या टेबलावर आमच्या वर्गाची यादी पाहिली. ३९ उत्तीर्ण. पहिल्या आलेल्या मुलीला ९३ टक्के, म्हणजे रोल नंबर सतराला. रोल नंबर तेहतीसला ७१. मी ७१ समोर बराच वेळ बोट ठेवून बसले होते. पाचवीनंतर दोन वर्षं शाळाच न पाहिलेल्या मुलीचे ते ७१ आहेत.

आणि एक जण गणितात राहिला. रोल नंबर नऊ.

वडील आजारी पडल्यापासून तो पहाटे चारला कॉटन मार्केटमध्ये भाजीचे कट्टे उतरवायला जायचा. सकाळच्या बीजगणिताच्या तासाला झोपायचा. मला माहीत होतं. मी त्याला उठवलं नाही. उठवायला हवं होतं का, हे अजून ठरवता येत नाही मला.

तो दाखला न्यायला आलाच नाही. ३९ जणांचे उजवे रकाने भरले, त्याची ओळ अर्धी राहिली. एका विषयात राहिलेल्याला अकरावीत प्रवेश मिळतो, हे मी त्याला फोनवर सांगितलं. "पाहू मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला.

मग या वर्गाने जे केलं त्यासाठी मला हे निवेदन करायचं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोल नंबर तेहतीस त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. वही घेऊन. "तू वाचून दाखवायचा नं दारात उभा राहून? आता मी उभी राहते. बस." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कुणी ना कुणी गेलं. सतरा भूमिती घ्यायची. बावीसने त्याला प्रमेयांच्या आकृत्या मोठ्या पुठ्ठ्यांवर रंगवून दिल्या, त्या अजून त्याच्या घराच्या भिंतीला आहेत. खिडकीवाल्यांतले दोघे आठवड्यातून तीनदा त्याच्या जागी कट्टे उतरवायला गेले, म्हणजे त्याला पहाटे झोप मिळावी. ही गोष्ट मला नंतर कळली. त्यांच्या घरी माहीत होती की नाही, विचारलं नाही.

जूनअखेर पुरवणी परीक्षा सुरू झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तिकडे जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. शहरभर फोन वाजत होते. आमचा ग्रुपही वाजत होता, पण मी उघडला तर तिथे वेगळाच निकाल होता. फक्त "९" लिहिलेलं. खाली तेहतीसने लिहिलं होतं, "९ हजर." मग बाकी सगळ्यांनी तेच, एकामागून एक, अडतीस वेळा.

(दृश्य : कार्यालय. ऑगस्टची दुपार. टेबलावर उघडं रजिस्टर.)

तो परवा दाखला न्यायला आला. कॅमेरा सव्वीसने धरला होता, म्हणून हे तुम्हाला दिसतंय. बडे बाबूंनी चष्मा पुसला, ओळ शोधली, पट्टी लावली. सोडल्याची तारीख. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. इथे ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि 'चांगली'च्या आधी 'अतिशय' घातलं. मग शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचं कारण. इयत्ता १० वी उत्तीर्ण.

शाई ओली होती. बाबू रजिस्टर मिटायला लागले तसं त्याने हात मधे घातला. टेबलावरच्या पेपरची एक पट्टी फाडली, दोन बोटांनी पानाचा वरचा कोपरा उचलला आणि पट्टी हलकेच आत सरकवली. दाबली नाही.